परवाना देताना घरातल्या बाईला कोण विचारतं?

(माजिवडा परिसरातील महिला मंडळं आणि समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



‘शस्त्र परवाने आणि आपण’ हा आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी मला विचारलं, की ताई, पाण्याचा प्रश्न पडून आहे, दारूचा आहे, रात्री रिक्षा मिळत नाही, आणि तुम्ही हे बंदुकीचं काय मधेच काढलंत? बंदुका असतात पुढाऱ्यांकडे, बिल्डरांकडे नाहीतर गुंडांकडे. आपला त्यांच्याशी संबंध काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की पुढारी, बिल्डर आणि गुंड या सगळ्यांना घर असतं आणि त्या घरात बायका असतात. रस्त्यावर चाललेल्या गोळीची बातमी होते. घरात कपाटावर ठेवलेल्या पिस्तुलाची होत नाही. पण ते तिथे आहे हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

आपल्या भागापासून सुरुवात करते. माजिवडा, बाळकूम, ढोकाळी, कोलशेत ही एके काळची शेतीची, मिठागरांची, मासेमारीची गावं. घोडबंदर रस्त्यावर आधी कारखाने आले, मग कारखाने गेले आणि टॉवर आले. जमिनीला सोन्याचा भाव आला. जमिनीबरोबर वाद आले, वादाबरोबर अंगरक्षक आले, आणि कमरेला पिस्तूल असणं हा मोठेपणाचा भाग झाला. कल्याण-डोंबिवलीकडे, अंबरनाथकडे गेलात तरी हेच. २०२२ च्या नोव्हेंबरात अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून गोळीबार झाला. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तेव्हाचे कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मूळ वाद होता द्वारली गावच्या जमिनीचा. पोलीस ठाण्यातच गोळी चालते, तर बाकीच्यांनी तक्रार घेऊन जायचं कुठे, असं तेव्हा कितीतरी बायका बोलून दाखवत होत्या. त्यानंतर आठवडाभरात, ८ फेब्रुवारीला, दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. तिथे मारेकऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, आणि परवाना परराज्यातला.

या घटना तुम्हां सगळ्यांना माहीत आहेत, कारण दूरदर्शनच्या पडद्यावर त्या पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. आता दुसरी सांगते. २०२३ च्या सप्टेंबरात, इथून खाडीपलीकडे कळव्यात, एका बांधकाम व्यावसायिकाने राहत्या घरात आपल्या बायकोवर परवान्याच्या शस्त्रातून गोळ्या झाडल्या. ती मेली. थोड्या वेळाने तोही हृदयविकाराने गेला. दोन दिवस बातमी आली आणि विषय संपला. आरोपीच उरला नाही, त्यामुळे खटला नाही. खटला नाही म्हणून कोणी विचारलंही नाही, की हा परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना कोणाकोणाला विचारलं होतं.

तोच प्रश्न आज आपल्याला विचारायचा आहे.

आधी कायदा समजून घेऊ. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. शस्त्रास्त्रं हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत टाकलेला आहे. म्हणजे महाराष्ट्राने उठून स्वतःचा वेगळा बंदूक कायदा करावा अशी सोय नाही. कुठल्याही कार्यालयात गेलात की हेच ऐकवतात: ‘बाई, हा दिल्लीचा विषय.’ पण ते अर्धंच खरं आहे. कायदा दिल्लीचा असला तरी परवाना दिल्लीहून येत नाही. जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात तो ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयातून मिळतो. अर्ज आला की स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात. आयुक्तांनी नाकारला तर अपील राज्य सरकारकडे, म्हणजे मंत्रालयात. परवाना देणारे, नाकारणारे, रद्द करणारे सगळे हात इथलेच आहेत.

हे अपील कसं चालतं त्याची चर्चा २०२५ च्या ऑक्टोबरात झाली. पुण्यातल्या एका कुख्यात गुंडाच्या भावाला पोलीस आयुक्तालयाने परवाना नाकारला होता. गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी तो अपिलात मंजूर केला. मंत्र्यांचं म्हणणं असं, की त्या माणसावर तेव्हा कोणताही गुन्हा प्रलंबित नव्हता. विरोधकांनी राजीनामा मागितला, वर्तमानपत्रांत रकाने भरले. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, तेव्हा उघड झालं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत. छाननी झाली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द करावे लागले. म्हणजे ते द्यायलाच नको होते.

या सगळ्या चर्चेत राजकारण होतं, गुन्हेगारी होती, जात होती. घरातली बाई मात्र कुठेच नव्हती.

कायदा काय काय तपासतो ते पाहा. वय एकवीस पूर्ण आहे का. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का. २०१६ चे नवे नियम आले, त्यात शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण आलं, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आली, वैद्यकीय दाखला आला. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी एकाला तीन शस्त्रं बाळगता येत. सरकारने आधी एकावर आणण्याचं ठरवलं होतं, शेवटी दोनवर तडजोड झाली. लग्नात, हळदीत हौसेखातर गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हे चांगलंच झालं. पण त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. एकदा दिला की पाच वर्षं नूतनीकरणाच्या निमित्तानेही कोणी विचारायला येणार नाही.

आणि या अख्ख्या कायद्यात, नियमांत, कुठेही असं बंधन नाही की अर्जदाराच्या बायकोला एकटीला भेटून विचारा: बाई, हा माणूस तुझ्यावर हात उगारतो का? याच्या हातात पिस्तूल दिलं तर तू या घरात निर्धास्त झोपशील का?

शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोलीस विचारतात, ‘माणूस कसा आहे?’ शेजारी सांगतात, ‘चांगला आहे हो, गणपतीची वर्गणी देतो, अडल्यानडल्याला धावून येतो.’ घराबाहेर चांगला असलेला माणूस घरात कसा असतो हे आपल्या केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.

आता मी ज्या गोष्टी केंद्रात ऐकल्या त्यांच्याबद्दल बोलते. नावं, गावं सांगणार नाही. बंदुकीने मारल्याची तक्रार घेऊन आमच्याकडे बाई येत नाही. ती येते मारहाणीची, पैशाची, संशयाची तक्रार घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बोलता बोलता, ती सांगते की जेवायला बसताना तो ते काढून ताटाशेजारी ठेवतो. काही बोलत नाही, फक्त ठेवतो. एक जण सांगत होती, भांडण झालं की नवरा पिस्तूल पुसायला घेतो. मुलं आपोआप आतल्या खोलीत जातात. एकीला माहेरी जायचं होतं. भाऊ न्यायला आला, तेव्हा नवऱ्याने चहा पाजला, गप्पा मारल्या आणि गप्पांच्या ओघात भावाला आपलं नवीन पिस्तूल दाखवलं. भाऊ एकटाच परत गेला. या बायकांना पोलीस ठाण्यात विचारतात, ‘गोळी झाडली का? रोखलं का?’ नाही. ‘मग तक्रार कशाची?’

बायांनो, गोळी न झाडताच बंदुकीचं काम होत असतं. धाक हेच तिचं घरातलं काम. पंचनाम्यात तो येत नाही, वैद्यकीय तपासणीत त्याचा वळ दिसत नाही. आपल्या चळवळीला हे नवीन नाही. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात परीक्षेच्या वर्गात रिंकू पाटीलला जाळलं, तेव्हा बाकीच्यांना शस्त्राच्या धाकाने रोखून धरलं होतं. एकीचा जीव घेतला, आणि मदतीला येऊ शकणाऱ्या सगळ्यांचे पाय जागच्या जागी बांधून टाकले. शस्त्राचा हा दुसरा उपयोग विसरू नका.

मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यातल्या भुकूमचं हगवणे प्रकरण झालं. हुंड्यासाठी छळ, सुनेचा मृत्यू, सासरचे लोक अटकेत. त्यात एक गोष्ट वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत राहिली. तिचं लहान बाळ आणायला माहेरची माणसं गेली, तेव्हा सासरच्यांच्या ओळखीच्या एका माणसाने त्यांना पिस्तूल दाखवून हाकललं, असा आरोप आहे. ते पिस्तूल परवान्याचं. आणि त्या माणसावर त्याच्या स्वतःच्या बायकोच्या तक्रारीवरून आधीच गुन्हा दाखल होता. शिवाय नवऱ्याने आणि दिराने खोटा पत्ता दाखवून परवाने मिळवल्याचा वेगळा गुन्हा नोंदवला गेला. न्यायालय काय तो निर्णय देईल. आपला मुद्दा एवढाच, की बायकोच्या तक्रारीची फाईल आणि शस्त्र परवान्याची फाईल एकमेकींना भेटल्याच नाहीत.

या विषयावर बोलायला लागलं की चार आक्षेप येतात. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

पहिला: खून होतात ते बेकायदा कट्ट्यांनी, परवानेवाल्यांच्या मागे कशाला लागता? हे खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बंदुकीने झालेल्या खुनांत बहुतेक शस्त्रं विनापरवाना असतात. कट्ट्यांचा व्यापार मोडायलाच हवा, ते पोलिसांचं काम आहे. पण घरातला धाक खुनांच्या आकड्यांत मोजला जात नाही. आणि परवान्याच्या शस्त्रामागे नाव असतं, पत्ता असतो, तारीख असते, अधिकाऱ्याची सही असते. तिथे आपण प्रश्न विचारू शकतो. शिवाय ते शस्त्र संरक्षणासाठी म्हणून घेतलेलं असतं, ते अखेर कोणावर चालतं हेही पाहायला हवं. कळव्यातलं चाललं बायकोवर. २०१५ च्या ऑक्टोबरात घोडबंदर रस्त्यावर कावेसरला एका बांधकाम व्यावसायिकाने आपल्या परवान्याच्या शस्त्राने स्वतःचंच आयुष्य संपवलं.

दुसरा: मग बायकांनाच बंदुका द्या. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन साधारण पाचशे ग्रॅम. किंमत सव्वा लाखाच्या घरात. धुणीभांडी करणाऱ्या बाईने, अंगणवाडी सेविकेने, लोकलने कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलीने ते कुठून घ्यायचं? आणि बाईवर हल्ला करणारा बहुधा ओळखीचा, नात्यातला, घरातला असतो. नवऱ्याशी बोलताना ती पदराखाली रिव्हॉल्व्हर धरून बसणार आहे का? घरात शस्त्र आलं, की ज्याचं घरात चालतं त्याच्याच हातात ते जातं. परवाना तिच्या नावावर असला तरी.

तिसरा: खोट्या तक्रारी होतील. निव्वळ गुन्हा दाखल झाला एवढ्यावरून परवाना रद्द करता येत नाही, असे निकाल न्यायालयांनी दिलेले आहेत. ठीक आहे, आपण रद्द करा म्हणतच नाही. आपण म्हणतो, जमा करून घ्या. निवडणूक आली की काय होतं? जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशा परवानाधारकांची छाननी होते, शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला हेच झालं. त्याने कोणाचा हक्क बुडाला नाही, कोणाची इज्जत गेली नाही. मतपेटीच्या सुरक्षिततेसाठी जे दोन-दोन महिने होतं, ते एका बाईच्या जिवासाठी खटला चालेपर्यंत का होऊ नये?

चौथा आक्षेप आपल्याच बायकांकडून येतो, म्हणून जास्त जड जातो. ‘नराधमाला गोळीच घालायला पाहिजे.’ ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. हजारो लोक रुळांवर उतरले, त्यांत कितीतरी आया होत्या. त्यांचा संताप खरा होता. महिन्याभराने, २३ सप्टेंबरला, आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मेला. फटाके वाजले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर जबाबदारी ठेवली गेली. आपल्याला काय मिळालं? तक्रार घ्यायला उशीर का झाला, शाळेने काय लपवलं, कोणी कोणाला वाचवलं, हे सगळं आरोपीच्या तोंडून न्यायालयात निघू शकलं असतं, ते कायमचं बंद झालं. बंदूक न्याय देते असं आपणच म्हणायला लागलो, तर ताटाशेजारी पिस्तूल ठेवणाऱ्या नवऱ्याला आपण काय सांगणार? तोही स्वतःला घरातला न्यायाधीशच समजतो.

बाहेरच्या जगात हा विषय बायकांनीच पुढे आणला आहे. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा पंधरवडा आपण स्त्रियांवरील हिंसेविरोधात पाळतो. त्यात ६ डिसेंबर येतो. आपल्यासाठी तो बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. कॅनडातल्या बायकांसाठीही तो एका आठवणीचा दिवस आहे. १९८९ साली त्या दिवशी माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका माणसाने बंदूक घेऊन चौदा स्त्रियांना ठार केलं, स्त्रीवादाला शिव्या देत. त्यानंतर तिथे सहा वर्षं वाद झाला. शिकारी, शेतकरी, बंदूकवाले एका बाजूला, स्त्रिया आणि मृत मुलींचे आईबाप दुसऱ्या बाजूला. १९९५ मध्ये कायदा झाला. तिथे बंदुकीचा परवाना मागताना अर्जावर सध्याच्या जोडीदाराची आणि मागच्या दोन वर्षांत वेगळी झालेल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर तिला अर्जाची खबर दिली जाते. अमेरिकेत तर बंदूक हा घटनेतला हक्क. तिथेही जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की जोडीदाराला धोका असल्याबद्दल ज्याच्यावर संरक्षण आदेश आहे, त्याला बंदूक बाळगायला मनाई करता येते. आपल्याकडे तर बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क कधीच नव्हता. मग आपल्याला अवघड काय आहे?

आता कामाचं. नवा कायदा येईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. दोन गोष्टी आजच आपल्या हातात आहेत, आणि त्या फार थोड्या कार्यकर्त्यांना माहीत आहेत.

एक. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या २००६ च्या नियमांतला नियम १० काढून वाचा. दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला, तर हिंसाचारात वापरलेलं शस्त्र जप्त करण्यासाठी संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊ शकतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पण तो आदेश मागावा लागतो. आपण अर्जात पोटगी मागतो, घर मागतो, मुलं मागतो. कलम १८ आणि २३ खाली अंतरिम आदेश मागताना ‘शस्त्र जप्त करावे, परवाना जमा करावा’ ही मागणी वकिलांना आठवणीने लिहायला लावा. शस्त्र दाखवून धमकावणं हा त्याचा वापरच आहे, हे अर्जात तारीखवार मांडा.

दोन. शस्त्र अधिनियमाचं कलम १७. परवानाधारक ‘कोणत्याही कारणाने’ परवान्यास अपात्र आहे अशी खात्री झाली, तर परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो. बायकोला मारणारा माणूस अपात्र ठरत नसेल, तर अपात्र कोण? बाईच्या तक्रारीची प्रत फक्त पोलीस ठाण्यात देऊन थांबू नका. परवाना शाखेला वेगळं पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि आयुक्तालयासमोर व मंत्रालयासमोर मांडायच्या मागण्या तीन. नवीन परवाना किंवा नूतनीकरण करण्यापूर्वी घरातल्या स्त्रीचं म्हणणं, ती एकटी असताना, महिला पोलिसाने किंवा संरक्षण अधिकाऱ्याने नोंदवावं. त्यात ती काय बोलली हे नवऱ्याला कळता कामा नये, नाहीतर विचारण्याचाच तिला धोका. छळाचा गुन्हा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दाखल झाला, की निवडणुकीच्या वेळी करतात तशी छाननी सात दिवसांत करून शस्त्र जमा करावं. आणि अपिलात परवाना मंजूर झाला तर कारणं लेखी, सर्वांना पाहता येतील अशी असावीत.

हे एका निवेदनाने होणार नाही. ‘किती बायकांच्या घरात शस्त्र आहे?’ असं ते विचारतील, आणि आज आपल्याकडे त्याचं उत्तर नाही, कारण आपण कधी विचारलंच नाही. म्हणून आजपासून प्रत्येक केंद्राने आपल्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवायच्या: घरात शस्त्र आहे का? परवाना कोणाच्या नावावर आहे? बाई पहिल्या भेटीत सांगणार नाही. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा. सहा महिन्यांनी आपण इथेच बसू, नावं वगळून सगळ्या नोंदी एकत्र करू, आणि त्या घेऊन आयुक्तालयात जाऊ.